निःशस्त्र धर्मगुरूंच्या शौर्याचे मोजमाप

प्रश्न (इतिहासप्रेमी)
अमेरिकी सैनिकांना घेऊन ग्रीनलंडकडे निघालेली ‘डॉर्चेस्टर’ ही बोट ३ फेब्रुवारी १९४३ रोजी मध्यरात्रीनंतर जर्मन पाणबुडीने बुडवली. बोटीवरील ९०० हून अधिक माणसांपैकी जेमतेम २३० वाचली. जॉर्ज फॉक्स, अलेक्झांडर गूड, क्लार्क पोलिंग आणि जॉन वॉशिंग्टन या चार लष्करी धर्मगुरूंनी आपली लाइफ जॅकेटे इतरांना देऊन मरण पत्करले. तरीही त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले नाही, हे मनाला फार लागते. ज्याच्या हाती शस्त्रच नाही, त्याचे शौर्य कशावर जोखतात?

प्रतिसाद १ (दर्यावर्दी)
ते पदक शत्रूशी प्रत्यक्ष सामना करताना गाजवलेल्या शौर्यासाठी असते, आणि हीच अट आड आली. चौघांना १९४४ मध्ये मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हे त्याखालोखालचे शौर्यपदक देण्यात आले. पुढे अमेरिकी काँग्रेसने केवळ त्यांच्यासाठी एक विशेष पदक मंजूर केले व ते १९६१ मध्ये प्रदान झाले. मला मात्र त्या रात्रीचा तपशील पदकांहून मोठा वाटतो. जॅकेट घालूनच झोपावे अशी कप्तानाची ताकीद होती, पण खालच्या मजल्यांवर यंत्रांच्या उष्म्याने जीव नकोसा होत असल्यामुळे अनेकांनी ती काढून ठेवली होती. टॉर्पेडो बसताच दिवे गेले आणि माणसे तशीच अंधारात डेकवर धावली. धर्मगुरूंनी पेटीतील जॅकेटे वाटली आणि ती संपल्यावर अंगावरची उतरवून दिली. गूड यांनी तर आपले हातमोजेही एका नौसैनिकाला दिले. गूड ज्यू, वॉशिंग्टन कॅथलिक, उरलेले दोघे वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे. पण समोरच्याचा धर्म कोणीही विचारला नाही. हातात हात गुंफून प्रार्थना करत असलेले ते चौघे वाचलेल्यांनी अखेरपर्यंत पाहिले.

प्रतिसाद २ (मुक्ता)
निःशस्त्र माणसाला ते पदक मिळतच नाही असे मात्र नाही. कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५० मध्ये उनसान येथे माघारीची संधी असताना अमेरिकी लष्करातील कॅथलिक धर्मगुरू फादर एमिल कापॉन जखमींजवळ थांबले. एका जखमी सार्जंटवर चिनी सैनिकाने बंदूक रोखली, तेव्हा त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि सार्जंटला उचलून घेतले. कैदेत ते उपाशी सोबत्यांसाठी अन्न चोरून आणत. मे १९५१ मध्ये छावणीतच त्यांचा अंत झाला, आणि पदक मिळाले ते थेट २०१३ मध्ये. इतका विलंब मला अन्यायाचाच वाटतो.

प्रतिसाद ३ (पलटणकर)
आपल्या लष्करातही पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री नायब सुभेदार या हुद्द्यावर भरती होतात व पलटणीबरोबर राहतात. त्यांच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. येथील निवृत्त सैनिकांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आपापल्या पलटणीतील धर्मगुरूंच्या आठवणी अवश्य लिहाव्यात, ही कळकळीची विनंती.