मदत हवी आहे: पर्वरीच्या भाड्याच्या फ्लॅटचा तोटा आयकरात कसा दाखवायचा?

वेर्णा_शिफ्ट

नमस्कार मंडळी. यंदा २०२४-२५ च्या उत्पन्नाच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ झाली म्हणून निवांत होतो. काल रात्री पाळी संपवून कागद काढून बसलो आणि घराच्या उत्पन्नाच्या पानावरच अडकलो. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत आहे, बायको शिक्षिका. राहतो फोंड्याला, वडिलोपार्जित घरात, आईसोबत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्वरीला रीसेलचा टू बीएचके घेतला, ४६ लाखांचं कर्ज काढून. फ्लॅट आणि कर्ज दोन्ही माझ्या एकट्याच्या नावावर. मुलगी पणजीला कॉलेजात जाईपर्यंत भाड्याने द्यावा, हप्त्याला तेवढाच हातभार, असा विचार होता.

एप्रिल २०२४ पासून महिना १८,००० रुपयांनी एका तरुण जोडप्याला दिला. पहिल्याच पावसात बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. त्यांनी बोलावलं म्हणून गेलो, तर त्या मुलाने कपाट पुढे ओढून दाखवलं. मागचं प्लायवूड पांढऱ्या बुरशीने भरलं होतं, बोटाने दाबलं तर आत जात होतं. त्या मुलीच्या लग्नातल्या साड्या गॅलरीत वाळत घातल्या होत्या आणि तरी कुबट वास जात नव्हता. मला फार वाईट वाटलं. ऑगस्टपर्यंतचं भाडं त्यांनी दिलं, सप्टेंबर-ऑक्टोबरचं दिलं नाही, आणि ऑक्टोबरअखेर घर सोडलं. मी एका शब्दाने बोललो नाही. दिवाळीनंतर बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आणि आतून रंग करून घेतला, १,३५,००० रुपये गेले. मार्चपर्यंत फ्लॅट बंदच होता.

भाडं मिळालं ९०,०००. पंचायतीची घरपट्टी ४,००० भरली. बँकेच्या दाखल्याप्रमाणे वर्षाचं व्याज ४,१०,०००. दुरुस्ती धरून माझ्या हिशेबाने तोटा ४,५९,००० होतो. ऑफिसात एक जण म्हणतो यातले दोनच लाख पगारातून वजा होतात. दुसरा म्हणतो नव्या करप्रणालीत एक पैसाही होत नाही, आणि कंपनीने माझा टीडीएस नव्या प्रणालीनेच कापलाय. मग हा तोटा वायाच गेला का? आणि दुरुस्तीचा खर्च घर व्यवसायात दाखवून वजा करता येईल का?

जमाखर्च

दादा, मी मडगावला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुरुस्ती. घराच्या उत्पन्नात प्रत्यक्ष दुरुस्तीचा एक रुपयाही धरला जात नाही. भाड्यातून तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्या रकमेच्या सरसकट ३० टक्के कलम २४(अ) खाली मिळतात, आणि दुरुस्ती, रंग, विमा, दलाली सगळं त्यातच आलं. खर्च शून्य असो की लाख, ३० टक्केच. ज्या वर्षी घर रिकामं पडतं त्याच वर्षी दुरुस्ती निघते आणि त्याच वर्षी भाडं कमी म्हणून ही वजावटही कमी, हे मला स्वतःला अन्यायाचं वाटतं. पण कायदा तसा आहे. व्यवसायात दाखवायची पळवाटही आता बंद आहे. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने कलम २८ मध्ये स्पष्टीकरण घातलं, की मालकाने निवासी घर भाड्याने दिलं तर ते उत्पन्न ‘घर मालमत्ता’ याच शीर्षाखाली येईल. ते नेमकं याच वर्षापासून, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ (२०२४-२५ चं उत्पन्न) पासून लागू झालंय.

रिकाम्या पाच महिन्यांची काळजी करू नका. घर वर्षात काही काळ भाड्याने होतं आणि नंतर रिकामं राहिल्यामुळे भाडं कमी मिळालं, तर कलम २३(१)(क) प्रमाणे जे मिळालं तेच धरतात. बंद महिन्यांचं काल्पनिक भाडं लागत नाही.

आता एक प्रश्न, नीट आठवून सांगा. त्या जोडप्याकडून अनामत किती घेतली होती आणि ती परत केली का?

वेर्णा_शिफ्ट

अनामत दोन महिन्यांची, ३६,०००. परत केली नाही. तेच म्हणाले, दोन महिन्यांचं त्यातून वळतं करा, मी हो म्हटलं.

जमाखर्च

मग ते भाडं बुडालेलं नाही, मिळालेलं आहे. अनामत असते तोवर ती तुमच्याकडची ठेव, भाड्यापोटी वळती केली की ते भाडंच. खरंच बुडालं असतं तर वगळता आलं असतं, पण त्यासाठी आयकर नियम ४ च्या अटी आहेत: भाडेकरार खरा हवा, भाडेकरू घर सोडून गेलेला हवा किंवा त्याला काढायची पावलं उचललेली हवीत, तो तुमच्या दुसऱ्या घरात राहत नसावा, आणि वसुलीसाठी कोर्टाची तयारी केलेली हवी किंवा तिथे जाण्यात अर्थ नव्हता हे अधिकाऱ्याला पटवता यावं. तुम्हाला त्यात जायची गरजच नाही.

तेव्हा सात महिन्यांचं भाडं १,२६,०००. घरपट्टी वजा जाता १,२२,०००. त्याचे ३० टक्के ३६,६००. राहिले ८५,४००, त्यातून व्याज ४,१०,०००. तोटा ३,२४,६००.

भाड्याच्या घराच्या व्याजाला मर्यादा नाही, पण घराचा तोटा पगारातून वजा करायला वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे, २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, तोही फक्त घराच्याच उत्पन्नातून वजा करायला. हे सगळं जुनी प्रणाली निवडली तर. नव्या प्रणालीत घराचा तोटा पगाराला लागत नाही, तुमच्या मित्राचं बरोबर आहे. मात्र कंपनीने टीडीएस कसा कापला यावर काहीच ठरत नाही. पगारदाराला विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, वेगळा फॉर्म लागत नाही. अट एकच, मुदतीच्या आत भरायचं. मुदत चुकली की नवीच प्रणाली, दुसरा पर्याय नाही.

कुळागर

जमाखर्च यांनी सांगितलं ते बरोबर, पण मुळातला प्रश्न राहिलाय. तुम्ही दोघं गोव्याचेच ना? लग्न कुठे नोंदलं? लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा काही करार केला होता का?

वेर्णा_शिफ्ट

दोघंही गोव्याचेच. फोंड्याला रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या केल्या, नंतर देवळात लग्न. करार वगैरे काही नाही. पण फ्लॅट तर लग्नानंतर मी एकट्याने घेतलाय, त्याचा इथे काय संबंध?

कुळागर

संबंध आहे, आणि मोठा आहे. बँकेत तीस वर्षं काढली, दर वर्षी हीच चूक बघत आलो, म्हणून तळमळीने लिहितोय.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. खरेदीखतावर नाव कोणाचं, हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, यामुळे ते बदलत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे, ५अ. ते १९९४ च्या वित्त कायद्याने घातलं, पण १ एप्रिल १९६३ पासून लागू असल्याचं धरून. त्यात म्हटलंय, की पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येणाऱ्या पती-पत्नीचं पगार सोडून प्रत्येक शीर्षाखालचं उत्पन्न दोघांत समान वाटायचं आणि ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरायचं. पगार ज्याचा त्याचा. घरभाडं, ठेवींचं व्याज, धंदा, भांडवली नफा, सगळं निम्मं-निम्मं. आणि उत्पन्न उणे असेल तर तो तोटाही निम्मा.

तेव्हा ३,२४,६०० चा तोटा तुमचा नाही. १,६२,३०० तुमचा आणि १,६२,३०० तुमच्या पत्नीचा. दोन लाखांची मर्यादा माणसाला आहे, घराला नाही. म्हणजे तुम्हा दोघांचाही पूर्ण तोटा मर्यादेच्या आत आला, पुढे ओढायला काही उरलं नाही.

विवरणपत्राच्या पहिल्या भागात एक प्रश्न असतो, ‘तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का?’ बहुतेक गोंयकार तिथे न वाचता ‘नाही’ करतात. तुम्हाला ‘हो’ करायचंय, दोघांनीही. मग अनुसूची ५अ उघडते, तिथे जोडीदाराचा पॅन आणि प्रत्येक शीर्षाखालची वाटणी भरायची. त्यामुळे आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, दोघांनाही आयटीआर-२.

जमाखर्च

कुळागरकाका, आभार. हे मीच आधी विचारायला हवं होतं. पर्वरीचा फ्लॅट म्हटल्यावर लग्न कुठलं हा पहिला प्रश्न, आणि मी तो विसरलो.

वेर्णादादा, एक लक्षात ठेवा. फक्त तोटा वाटून मोकळं होता येत नाही. तुमच्या आणि वहिनींच्या ठेवींचं व्याजही वाटावं लागेल. शिवाय प्रणाली दोघांनी स्वतंत्र निवडायची आहे, म्हणून वहिनींचे आकडेही द्या.

वेर्णा_शिफ्ट

खरं सांगतो, हे वाचून गप्प बसलो. वर्षभर त्या फ्लॅटचा घोर मी एकट्याने वाहिला असं मला वाटत होतं. बायकोचं विवरणपत्र दर वर्षी शाळेतलं कोणीतरी भरून देतं, मी कधी उघडूनही बघितलं नव्हतं. रात्री तिला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बुरशीचं कपाट पुसायला मी आले होते की तुमच्याबरोबर.’

आकडे असे. माझा पगार ११,००,०००. पीएफ आणि कर्जाची मुद्दल मिळून कलम ८०क च्या वजावटीचे दीड लाख पूर्ण होतात. आरोग्य विमा माझा २०,००० आणि आईचा ३०,०००. तिचा पगार ९,००,०००, तिचेही दीड लाख पूर्ण. ठेवींचं व्याज तिच्या नावावर २४,०००.

जमाखर्च

आधी तुमचं. जुन्या प्रणालीत पगारातून ५०,००० ची प्रमाणित वजावट, मग तोटा १,६२,३००, व्याजाचे निम्मे १२,००० मिळवायचे, दीड लाख आणि विम्याचे ५०,००० वजा. करपात्र ६,९९,७००, कर उपकरासह ५४,५४०. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि १२,००० व्याज धरून १०,३७,०००, कर ५७,७७०. जुनी तीन हजारांनी बरी.

वहिनींचं बघा. जुन्यात करपात्र ५,४९,७००, कर २३,३४०. नव्यात ८,३७,०००, कर ३५,०५०. इथे ११,७१० रुपये वाचतात. फ्लॅट तुमच्या नावावर, पण तोट्याचा खरा उपयोग त्यांच्या विवरणपत्रात आहे.

जुनी प्रणाली निवडली की व्याजासाठी बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, कर्जाची तारीख, मूळ रक्कम आणि शिल्लक असा तपशील यंदा विचारतात. व्याजाचा दाखला समोर ठेवून बसा. भाडेकरार, घरपट्टीची पावती आणि अनामत वळती केल्याचा त्यांचा एखादा मेसेज असेल तर तो जपून ठेवा.

दाबोळी_फ्लॅट

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही कोल्हापूरचे, लग्नही तिथलंच. दाबोळीला फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय. मलाही निम्मं वाटता येईल का?

कुळागर

नाही. घर गोव्यात आहे म्हणून कलम ५अ लागत नाही, पती-पत्नीला तो कायदा लागू असावा लागतो. तुमचं उत्पन्न आणि तोटा मालकी ज्याची त्याचाच.

मडगावची

माझा नवरा दुकान चालवतो, माझं स्वतःचं उत्पन्न काहीच नाही. घराचा तोटा असाच निम्मा माझ्याकडे आला तर मी काय करायचं? मी आजवर विवरणपत्र भरलेलंच नाही.

जमाखर्च

बाय, तोटा एकटा येत नाही. दुकानाच्या नफ्याचाही निम्मा भाग तुमच्याकडे येतो, आणि जुन्या प्रणालीत तोटा आधी त्यातूनच वजा होईल. धंद्याचं उत्पन्न असल्यामुळे फॉर्मही आयटीआर-२ नाही, आणि जुन्या प्रणालीसाठी १०-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो. गेल्या तीन वर्षांची दुकानाची विवरणपत्रं घेऊन जवळच्या सल्लागाराकडे जा, दोघंही जा.

वेर्णा_शिफ्ट

काल दोघांची विवरणपत्रं भरली, आयटीआर-२, जुनी प्रणाली. अनुसूची ५अ मध्ये तिने माझा पॅन घातला, मी तिचा. तोट्याचा आकडा आधी मी अधिक चिन्हाने टाकला होता, तिनेच पकडलं. ई-पडताळणीही आधारच्या ओटीपीने लगेच केली, कारण भरल्यावर ३० दिवसांत ती झाली नाही तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात, आणि ती मुदतीनंतरची असेल तर उशिरा भरल्यात जमा होऊन जुनी प्रणाली हातची जाते असं हेल्पडेस्कवर कळलं.

कुळागरकाका, जमाखर्च, मनापासून आभार. या पावसात भिंत अजून कोरडी आहे. गणेशचतुर्थीनंतर नवे भाडेकरू येताहेत, करारावर यावेळी आम्ही दोघंही सही करणार आहोत.