मदत हवी आहे: झाडांच्या पाट्यांवर ‘जाती’ लिहायचं की ‘प्रजाती’?

शमी_कोथरूड
नमस्कार. वेताळ टेकडीच्या बाजूला असलेल्या सोसायटीच्या बागेत मुलांसाठी 12 झाडांच्या पाट्या लावायच्या आहेत. एका पाटीवर जास्तीत जास्त 40 शब्द. मजकूर शनिवारी छपाईला द्यायचा आहे आणि परिभाषेपाशी गाडी अडली आहे. कच्चा मजकूर असा:

उंबर: ‘फायकस रेसिमोसा. फायकस जातीतली ही एक प्रजाती. या झाडाला फुलं येत नाहीत, थेट खोडावर फळं लागतात.’
कडुनिंब: ‘एका काडीवर अनेक छोटी दातेरी पानं. पानांच्या कोशिकांत हरितद्रव्य असतं.’

चुका निःसंकोच दाखवा.

पर्णिका
उंबराच्या पाटीवर जाती आणि प्रजाती उलटसुलट झाल्यात. आपल्या पाठ्यपुस्तकांतली सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड, मोठ्या गटाकडून लहानाकडे, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे (वनस्पतींसाठी संघाच्या जागी विभाग). म्हणजे फायकस ही प्रजाती (इंग्रजीत जीनस). वड, पिंपळ, उंबर या तिच्यातल्या तीन वेगळ्या जाती. वर्तमानपत्रांत ‘पक्ष्यांच्या 200 प्रजाती’ असं छापून येतं तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. हिंदीत स्पीशीजसाठी, म्हणजे आपल्या ‘जाती’साठी, प्रजाति हा शब्द सर्रास चालतो, तोच तसाच उचलला जातो. पाट्या शाळेतली मुलं वाचणार असतील तर पाठ्यपुस्तकाचीच परिभाषा ठेवा, नाहीतर परीक्षेत त्यांचा गोंधळ होईल.

जातीचं नाव दोन शब्दांचं असतं. नुसतं ‘रेसिमोसा’ हे कुठल्याच झाडाचं नाव नव्हे. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात, असा नियम आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे ही खूण पुसली जाते, म्हणून रोमन नावाची वेगळी ओळ जरूर द्या.

बागेत आंबा असेल तर आणखी एक काळजी घ्या. हापूस आणि पायरी या बोलण्यात ‘जाती’, पण शास्त्राच्या भाषेत एकाच जातीचे दोन वाण. पाटीवर ‘वाण’ लिहा.

टेकडीफिरस्ता
‘फुलं येत नाहीत’ हे वाक्य आधी काढा, ते साफ चूक आहे. उंबराचं फूल दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो तो आतल्या बाजूला वळलेला सबंध फुलोराच असतो. पुस्तकी शब्द कुंभासनी. घागरीसारख्या मांसल कवचाच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं, आणि टोकाशी एक छिद्र. त्या छिद्रातून डासापेक्षाही बारीक कीटक आत शिरतात आणि परागण करतात. उंबर फोडल्यावर निघतात ते ‘किडे’ म्हणजे बहुतेक हेच.

मुलांना दाखवायचं असेल तर पिकलेलं फळ घेऊ नका, ते मऊ होऊन चिरडतं आणि काही कळत नाही. हिरवं, घट्ट उंबर घ्या, देठापासून छिद्रापर्यंत उभं कापा आणि दहापट भिंगाखाली धरा. ब्लेड मोठ्या माणसानेच चालवावं. चीक चिकट असतो, हाताला तेल लावून ठेवा.

कडुनिंबाची ती अख्खी काडी म्हणजे एकच पान, पिच्छाकृती (पिसासारखं) संयुक्त पान. तिच्यावरच्या छोट्या दातेरी भागांना पर्णिका म्हणतात. ओळखायची खूण बगलेत असते: पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे, देठाच्या बगलेत, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते.

पर्णिका
‘कोशिका’ हा हिंदी शब्द, मराठीत पेशी. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, त्यामुळे भाषांतर करणारी साइट या शब्दांची हमखास गल्लत करते. तिथून मजकूर घेतला असेल तर बाराही पाट्या याच नजरेने तपासा. दुरुस्त वाक्य: ‘पानाच्या पेशींतल्या हरितलवकांत हरितद्रव्य असतं.’ हरितलवक ही पेशीतली रचना आणि हरितद्रव्य हा त्यातला रंग.

शमी_कोथरूड
मनापासून आभार, सगळं दुरुस्त करते. आता उंबराची पाटी अशी: ‘उंबर. प्रजाती फायकस, वट कुल. फुलं फळासारख्या दिसणाऱ्या कुंभाच्या आत असतात. बारीक कीटक टोकाच्या छिद्रातून आत जाऊन परागण करतात.’

शेवटचं एक. आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट चपटे चट्टे आहेत. त्याला बुरशी लिहू की शेवाळ?

टेकडीफिरस्ता
पाटी छान झाली. चट्टे सालीला घट्ट चिकटलेले आणि कोरडे असतील तर ते दगडफूल, पुस्तकी नाव शैवाक. त्यात कवक (बुरशी) आणि शैवाल (शेवाळ) एकत्र राहतात: शैवाल अन्न तयार करतं, कवक आधार आणि ओलावा देतं. गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूलही शैवाकच, तेव्हा पाटीवर हाच शब्द लिहा, घरोघरी समजेल. ते झाडाचं अन्न खात नाही. माळीकाकांना सांगून ठेवा, खरवडायचं नाही आणि चुनाही लावायचा नाही.