स्प्लेंडर २००३, तीन वर्षं उभी आहे. गुहागरला न्यायची तर काय काय करू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, २००३ ची, एमएच ११ पासिंग. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी पडवीत उभीच आहे. सुरुवातीला अधूनमधून किक मारून चालू ठेवायचो, मागच्या वर्षी तेही राहिलं. परवा दसऱ्याला पुसून हार घातला तर आई म्हणाली, "नुसती पूजा काय करतोस, चालव की तिला."

दिवाळीनंतर बायकोला घेऊन कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असं जायचं डोक्यात आहे. जाऊन येऊन तीनशेच्या आतबाहेर.

गाडीची अवस्था सांगतो. दहापंधरा किका मारल्यावर चालू होते. चालू होताना निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो. इंजिनातून टकटक आवाज येतो. टाकीतलं पेट्रोल काळ्या चहासारखं झालंय, झाकण उघडलं की आत गंज दिसतो. पुढचा ब्रेक दाबला तर दाबल्यासारखं वाटतच नाही. टायरला नक्षी चांगली आहे. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच हाफ इंजिन (इंजिनाचा वरचा भाग उघडून पिस्टन-रिंगांचं काम) सांगितलं, साडेसात-आठ हजार म्हणाला. माझं बजेट सगळं मिळून सहा हजार. आधी कशावर खर्च करू?

घाटवेडा
भाऊ, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. बावीस वर्षांच्या गाडीत सहा हजार घालणं म्हणजे पाण्यात घालणं. मी गेल्या पाडव्याला नवी घेतली, दोन्हीकडे डिस्क, एबीएस, ट्यूबलेस टायर. आंबोली, ताम्हिणी, वरंधा, तिन्ही घाट डबलसीट केले, हात दुखला नाही की पाठ. थोडे पैसे वाढवा, हप्त्यावर घ्या. घाटात ब्रेकला पर्याय नाही.

सुपनेकर
हाफ इंजिन करून टाका, विषय संपला. आमची २००५ ची आहे. २०१९ ला बोअर मारून (सिलिंडर आतून घासून) पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळं नवीन टाकलं. आजही लिटरला ६५ देते. रोज सुपने ते कराड, वर शेतातली फेरी, कधी दगा नाही. आठ हजार जास्त नाहीत, आमचे तेव्हा साडेसहा गेले होते.

पाना_दहा_बारा
थांबा जरा. इंजिन उघडण्याआधी धूर नीट बघा. चालू करताना येऊन मिनिटात जातो तो बहुतेक व्हॉल्व्हच्या ऑइल सीलमधून झिरपलेल्या ऑइलचा. गाडी तापल्यावर, गिअरमध्ये ताण दिला की मागे निळा धूर राहतो तो रिंगांचा. दुसरा असेल तर हाफ इंजिन. पहिल्यासाठी बोअर मारायचं काही कारण नाही.

टकटक थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून बघा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून करणारा मिस्त्री शोधा, कानाने करणारा नको. तेवढ्याने आवाज गेला नाही तर कॅमचेन (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली साखळी) बघावी लागेल.

आणि आता किका मारणं आधी बंद करा. इतके दिवस उभ्या इंजिनात वरचं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं. प्लग काढा, भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडा, प्लग न लावता हाताने सावकाश सात-आठ वेळा किक फिरवा. मग प्लग. तुमच्या गाडीला कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या बाजूचं क्लच कव्हर उघडलं की फिरती वाटी असते, तिच्यात गाळ साठतो, आणि तळाला जाळी असते. नुसतं ऑइल बदलून गाळ तिथंच राहतो. कव्हर उघडून वाटी आणि जाळी धुऊन घ्या, पॅकिंग नवीन टाका. हे काम कुणी आपणहून करत नाही, मागे उभं राहून करून घ्यावं लागतं.

नळस्टॉप
इंजिन वगैरे नंतर. खरं दुखणं पेट्रोलचं आहे. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं तेव्हापासून माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलं ते पडलंच. वर दोनदा कार्बोरेटर धुतला. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्यात, आपल्यासारख्यांनी काय करायचं?

रसायन_मास्तर
ॲव्हरेज थोडं घटणारच, इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असतो. पण कृष्णाकाठ यांचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी पडवीत राहिली की ते पाणी पेट्रोलमध्ये उतरत जातं, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतो. गंज तिथूनच धरतो, आणि कॉकला पहिल्यांदा तोच थर जातो. म्हणून गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून, नाहीतर पूर्ण रिकामी करून, आणि कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोलही काढून. आहे ते पेट्रोल वापरू नका. पेट्रोलचा पाइपही बदला, जुनं रबर फुगतं.

नळस्टॉप
म्हणजे दोष पेट्रोलचाच. मी तेच म्हणतोय.

रसायन_मास्तर
दोष अर्ध्या टाकीचा आहे. साध्या पेट्रोलच्या काळातही अर्ध्या टाक्या गंजायच्याच, फक्त वेळ जास्त लागायचा.

शिरगावची_लेक
माझं माहेर घाटाखालचं, म्हणून लिहिते. कुंभार्ली पावसाळ्यानंतर लगेच गुळगुळीत नसतो. वळणावर खडी आलेली असते, ट्रक मधून चालतात. तुमचे टायर कोणत्या सालचे आहेत ते आधी बघा, नक्षीवर जाऊ नका. आमच्या यजमानांच्या गाडीलाही नक्षी होती. पोफळीच्या वर एका वळणावर मागचा टायर फुटला, दोघं घसरत कठड्यापर्यंत गेलो. माझ्या कोपराला अजून खूण आहे. नंतर टायर हातात घेतला तर नक्षीच्या खाचांमध्ये नखाने उकरलं की रबराचा भुगा पडत होता.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

ग्रीसबोट
टायर बदला हो. जुने टायर म्हणजे जिवाशी खेळ. आणि ऑइल बदला.

कृष्णाकाठ
ताई, तुमचं वाचलं आणि लगेच टॉर्च घेऊन पडवीत गेलो. मागच्या टायरवर आकडे चिखलाखाली होते, ओल्या फडक्याने पुसले. २६१३. म्हणजे २०१३ च्या जूनमधला. पुढचा त्याच्याही आधीचा, ४१११. टायर अंगठ्याने दाबून वाकवला तर बाजूला बारीक चिरा उघडल्या, वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या. दोन्ही टायर नक्की बदलतो.

पाना दादा, गाडी तापवून दोन किलोमीटर भावाला पुढे पळवायला लावली, मी मागून बघितलं. ताण दिल्यावर धूर नाही.

टाकीबद्दल सांगा. आत पापुद्रे सुटलेत.

सुपनेकर
टाकी बदला, नवी मिळते. आणि धूर आज नाही, उद्या येईल. गाडी उघडणारच आहात तर हाफ इंजिन करून घ्या, पुन्हा पुन्हा मजुरी कशाला?

ग्रीसबोट
टाकी बदला. जुनी भंगारात द्या, दोनशे तरी येतील.

पाना_दहा_बारा
टाकीच्या बाबतीत मीही बदला म्हणेन. गंज कितीही धुतला तरी बारीक कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) येत राहतात. घाटात डबलसीट चढताना गाडी मरते आणि मागून ट्रक असतो. माझ्या गिऱ्हाइकांना मी टाकी धुऊन देत नाही, वर्षभर शिव्या खाव्या लागतात.

घाटवेडा
बघा, टाकी झाली, टायर झाले, इंजिन झालं. मी पहिल्याच दिवशी नवी घ्या म्हणालो होतो.

कृष्णाकाठ
टाकी बदलणार नाही. टाकीच्या उजव्या बाजूला बाबांनी पेंटरकडून "कृष्णामाई" लिहून घेतलंय. २००३ ला गाडी आणली त्या आठवड्यात मी सहावीत होतो, पेंटरच्या दुकानाबाहेर बाकावर बसलो होतो. "ष्ण" काढताना त्याचा हात एकदा चुकला, त्याने चिंधीने पुसून पुन्हा काढला, म्हणून ते अक्षर थोडं जाड आहे. बाबांच्या गुडघ्याने घासून "मा"चा काना जवळजवळ गेलाय. टाकी भंगारात देऊन कसं चालेल? धुवायची कशी तेवढं सांगा.

रसायन_मास्तर
समजलो. मग नीट धुवा. टाकी काढा, कॉक काढून भोक बुच मारून बंद करा. मूठभर छोटे नट किंवा जुन्या चेनचे तुकडे आणि दोन लिटर डिझेल आत घालून गोधडीत गुंडाळा, म्हणजे बाहेरचा रंग खरचटणार नाही. सगळ्या बाजूंनी हलवत राहा, डिझेल काळं झालं की बदला. नट मोजून घाला, मोजून काढा. गंज घट्ट असेल तर दुकानात गंज काढायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण मिळतं, हातमोजे घालून, उघड्या जागेत. ते बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका. नंतर भरपूर पाणी, लगेच वाळवणं आणि लगेच पेट्रोल. ओली ठेवली तर दोन तासांत पुन्हा तांबूस होते. कॉक आणि कार्बोरेटरच्या मधे छोटा फिल्टर टाका आणि पहिले दोन महिने तो दर आठवड्याला बघा.

शिरगावची_लेक
ब्रेकचं कुणी बोललंच नाही. दोन्ही चाकांचे लायनर बदलून घ्या, ड्रम आतून घासून घ्या, ब्रेकचा कॅम (पाकळ्या उघडणारा दांडा) काढून ग्रीस लावून घ्या. पावसाळ्यात उभ्या गाडीचा कॅम अडकतो. लायनर नवा असूनही ब्रेक लागत नाही, कारण पाकळ्या उघडतच नाहीत.

आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, गाडी बंद करून उतरणारे खूप आहेत. तसं अजिबात करू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. नाहीतर सगळा भार ड्रमवर येतो, लायनर तापून ब्रेक गुळगुळीत लागतो. या गाडीचा हेडलाइट इंजिनवर चालतो, इंजिन बंद केलं की पुढे अंधार.

फाइलवाला
सगळं वाचलं. एक विचारू का? आरसी कुणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत आहे?

कृष्णाकाठ
बाबांच्या. २०१८ ला त्यांनी पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं होतं.

फाइलवाला
म्हणजे २०२३ ला संपली. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. तुमची मुदत गेलीय, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र लागेल. नूतनीकरणाचा फॉर्म २५ वेगळा, त्यासाठी गाडी दाखवावी लागते. हरित कर, विमा, पीयूसी आहेच. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणजे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. हे सगळं झाल्याशिवाय घाटात काही झालं तर विम्याचा एक रुपया मिळणार नाही, आणि समोरच्याला लागलं तर घर विकून भरावं लागेल. माझ्या चुलतभावावर ही वेळ आली, अजून कोर्टाच्या तारखा चालू आहेत. गाडीत काही नाही टाकलंत तरी चालेल, आधी हे करा.

ग्रीसबोट
कागदपत्रं महत्त्वाची आहेत. आणि चेनस्प्रॉकेट बदला.

पाना_दहा_बारा
चेन आधी बघा. मागच्या चक्रावरची चेन हाताने मागे ओढा. अर्धा दात दिसला तर सेट गेला. नाही दिसला तर धुऊन ऑइल मारा, ताणा आणि पैसे टायरला ठेवा.

कृष्णाकाठ (सहा आठवड्यांनी)
मंडळी, हिशेब द्यायला आलो. दिवाळीत गुहागरला एसटीने जाऊन आलो, कारण आरसी आली नव्हती. गाडी कराडच्या आरटीओत टेम्पोत घालून नेली. फॉर्म ३१ साठी आई आणि बहिणीची सही, तीन खेपा, शेवटी मागच्या मंगळवारी गाडी माझ्या नावावर झाली. कागद हातात आल्यावर आईने बाबांचं जुनं आरसी पुस्तक मागून घेतलं, देव्हाऱ्यात ठेवलंय.

दोन्ही टायर-ट्यूब ३,९०० ला पडले. लायनर, सगळ्या केबल, प्लग, ऑइल, वाटी-जाळी धुणं, टॅपेट, कार्बोरेटर, फिल्टर, पाइप आणि मजुरी धरून पावणेसात हजार झाले, कागदपत्रांचे वेगळे. हाफ इंजिन केलं नाही. टॅपेट सेट केल्यावर टकटक निम्म्याने कमी झाली, उरलेली चालवून घेतो. ऑइलची पातळी दर रविवारी बघून वहीत लिहितो.

टाकी तीन दिवस धुतली. पहिल्या दिवशी डिझेलबरोबर गुळाच्या काकवीसारखा चिखल आला. चौदा नट घातले, तेरा निघाले, चौदाव्यासाठी अर्धी रात्र टाकी उलटी धरून बसलो. पाना दादांचं म्हणणं डोक्यात आहे, फिल्टरमध्ये अजून थोडं तांबडं दिसतं. म्हणून घाटात लगेच नेत नाही. आधी महिनाभर उंब्रज, चाफळ अशा जवळच्या फेऱ्या करणार, फिल्टर सलग दोन आठवडे स्वच्छ दिसला की जानेवारीत कुंभार्ली. "कृष्णामाई"ला काही झालं नाही.

घाटवेडा
शुभेच्छा भाऊ. जानेवारीत मीही येतो बरोबर, मागे राहीन.

सुपनेकर
हाफ इंजिन करायला हवं होतं.

पाना_दहा_बारा
सीटखाली एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि एक क्लच केबल ठेवा. आणि निघायच्या आदल्या दिवशी फिल्टरचा फोटो इथं टाका, मी बघून सांगतो.