मिश्री सोडा म्हटलं की पेशंट नुसतं "हो मॅडम" म्हणतात, काय करू?

उपकेंद्रवाली: मी सीएचओ आहे, म्हणजे उपकेंद्रातली कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. एक मावशी बीपीच्या गोळ्यांसाठी येतात, गालात आतून पांढरा चट्टा आहे आणि दिवसातून पाच-सहा वेळा मिश्री लावतात. दरवेळी कॅन्सरचे फोटो दाखवते, कधी ओरडतेसुद्धा, त्या मान डोलावतात नि बाहेर पायरीवर बसून कमरेची डबी काढतात. ट्रेनिंगमध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (उपदेश न करता, प्रश्न विचारून पेशंटचं मन वळवायची पद्धत) तासाभरात उरकलं होतं, ते खरंच कुणाला जमतं का?

दाढदुखी: चट्टा आधी डेंटिस्टला दाखवा, तो गप्पांवर सोडू नका. बाकी तुम्ही "सोडा" म्हणालात की समोरचा मनातल्या मनात न सोडायची कारणं जमवायला लागतो. ही पद्धत काढणारा मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर, त्याने १९८३ साली दारूच्या पेशंटांबद्दल हेच लिहिलं, पुढे स्टीफन रॉलनिक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाबरोबर वाढवलं. सोडायचं कारण पेशंटच्या तोंडून यायला हवं, एवढाच गाभा. "मिश्री लावली की बरं काय वाटतं" इथून सुरू करा, बऱ्याच जणी सांगतील की त्याशिवाय पोट साफ होत नाही, ते खोडू नका, ऐका, मग विचारा त्रास काय होतो.

ओपीडी_साठ: साठ पेशंट बाहेर उभे असताना हे कोण करणार? पुस्तकात बरं वाटतं.

बिनसाखरेची: @ओपीडी_साठ दोन मिनिटं लागतात हो. सोडायचं शून्य ते दहात किती मन आहे, असं विचारायचं असतं, पण आमच्या आज्यांना ते जमत नाही म्हणून मी विचारते, रुपयातले किती आणे? चार म्हणाल्या तर सोळा का नाही असं विचारायचं नाही, ते टोचतं. चार तरी का, एकच का नाही, असं विचारायचं. मग त्या स्वतःच कारणं सांगतात.

उपकेंद्रवाली: आज विचारलं! चार आणेच म्हणाल्या. एकच का नाही, तर बराच वेळ गप्प, मग म्हणे "ठेचा खाता येईना गं, गाल भाजतो." इतके दिवस मी कॅन्सर कॅन्सर करत होते आणि बाईंचं दुखणं ठेच्याचं. पण मी लगेच "बघा, म्हणून तर म्हणते सोडा" बोलून बसले आणि परत आलं, हो मॅडम 🤦‍♀️

दाढदुखी: 😄 सगळ्यांचं तिथेच घसरतं, माझंही. तेव्हा फक्त "ठेचा आवडतो तुम्हाला" म्हणून थांबायचं होतं. डेंटिस्टकडे यायला तयार झाल्या का पण?

उपकेंद्रवाली: हो, शुक्रवारी. सून सोबत येतेय.