प्रतिसाद: रोड टॅक्स भरला तर टोल कशाला?

वर कोणीतरी म्हटलंय की रोड टॅक्स भरलाय म्हणजे टोल बेकायदेशीर, कोर्टात गेलं की उडेल. तसं नाही हो, या मुद्द्यावर फारसं काही हाती लागत नाही. टोल म्हणजे दिलेल्या सोयीचे पैसे, त्यामुळे सोयच दिली नाही हे दाखवलं तर पकड येते. केरळात पालियेक्कराच्या टोलनाक्यावर हेच झालं, रस्त्याची कामं अर्धवट, तासन् तास गाड्या अडकलेल्या, हायकोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये ४ आठवडे टोल थांबवला, हायवे अथॉरिटी सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथेही अपील फेटाळलं. (नंतर ऑक्टोबरात वसुली परत सुरू झाली ती गोष्ट वेगळी.)

नोएडाच्या डीएनडीची (दिल्ली-नोएडा जोडणारा टोल रस्ता) केस तर वाचाच. करारात कंपनीला दरवर्षी २० टक्के परतावा ठरलेला, कमी पडला की तूट प्रकल्पाच्या खर्चात जोडायची, म्हणजे खर्च कधी वसूल होणारच नाही आणि टोल जन्मभर! २०१६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बंद केला, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं.

आणि आपण गोंयकारांनी जास्त बोलू नये, २०१३ मध्ये गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला बाहेरच्या गाड्यांकडून एन्ट्री टॅक्स आपणच घेत होतो की :)

मी कोल्हापूरला जाताना हल्ली खड्ड्यांचे, रांगेचे फोटो पुरावा म्हणून वेळेसकट काढून ठेवतो, फास्टॅगचा मेसेजही डिलीट करत नाही. बायको हसते.