‘सप्रमाणता’ की ‘वैधता’? आणि ०.९ म्हणजे अवघड की सोपा?

विचारणा : शाळेच्या प्रश्नपेढीतले जुने प्रश्न तपासून ठेवायचे आहेत, त्यासाठी तक्ता आखतेय. ‘व्हॅलिडिटी’च्या रकान्याला ‘सप्रमाणता’ लिहू की ‘वैधता’? बी.एड.ला सप्रमाणता शिकलो, पण हल्ली सगळीकडे वैधता दिसतं. आणि काठिण्यमूल्य ०.९ म्हणजे प्रश्न फारच अवघड, असंच ना?

— मॅडम, सप्रमाणता लिहा. वैधता म्हटलं की आपल्याकडे आधी जातवैधता प्रमाणपत्र आठवतं, नाहीतर रिचार्ज. चाचणीला मुदत नसते. जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का, एवढाच सवाल असतो. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात ‘मुद्दलाच्या एकपंचमांशाने न्यून’ असं लिहिलंत तर मराठीची परीक्षा होते, गणित बाजूलाच राहतं.

— सप्रमाणतेतही गोची आहे. मुलांचे पालकच काय, नवे शिक्षकही तिला ‘प्रमाणित’शी जोडतात. प्रमाणित चाचणी म्हणजे मोठ्या गटावर घेऊन जिची मानकं ठरवलीत ती. वर्गातली घटक चाचणी प्रमाणित नसूनही सप्रमाण असू शकते.

— दोन्ही मान्य, तरी माझं मत सप्रमाणतेलाच. ‘सप्रमाण’ म्हणजे पुराव्यासकट. गुणांवरून आपण मुलाबद्दल जो निष्कर्ष काढतो त्याला पुरावा हवा, असंच आता या विषयातले लोक मानतात. त्यामुळे ‘हा प्रश्न सप्रमाण आहे’ हे वाक्यसुद्धा जरा सैलच. तोच प्रश्न सरावाला चालेल, तुकड्या पाडायला चालणार नाही.

आता काठिण्यमूल्य. हा शब्द सरळसरळ फसवतो. बरोबर उत्तर दिलेल्यांचं प्रमाण म्हणजे काठिण्यमूल्य, म्हणून ०.९ ला प्रश्न सोपा आणि ०.२ ला अवघड. खरं तर ‘सुलभतामूल्य’ म्हणायला हवं होतं, पण आता रूढ झालंय. तक्त्याखाली एक ओळ टीप टाका, नाहीतर सोपे प्रश्न अवघडांच्या गठ्ठ्यात जातील.

नुसत्या त्या आकड्यावर विसंबूही नका. समजा, प्रश्न आहे ‘भारतातली पहिली रेल्वे कोणत्या साली धावली?’ पर्याय १८३७, १८५३, १८५७, १८६५. वर्ग ४० जणांचा. एकूण गुणांप्रमाणे वरचे ११ आणि खालचे ११ पेपर काढायचे (म्हणजे प्रत्येकी साधारण २७ टक्के; ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ट्रूमन केलीने १९३९ साली मांडली). वरच्यांत ४ बरोबर, खालच्यांत ७. काठिण्यमूल्य ११ भागिले २२, म्हणजे ०.५, दिसायला झकास! भेदनमूल्य, म्हणजे प्रश्न वरच्या आणि खालच्या मुलांत किती फरक करतो तो आकडा, मात्र (४ वजा ७) भागिले ११, म्हणजे उणे ०.२७. हुशार मुलंच चुकली. का? तर मद्रासकडे १८३७ मध्ये रेड हिल्सची दगड वाहणारी गाडी धावली होती आणि वाचणाऱ्या पोरांना ती ठाऊक आहे. बोरीबंदर ते ठाणे ही १६ एप्रिल १८५३ ची पहिली प्रवासी गाडी. प्रश्नातून ‘प्रवासी’ गळलं, बाकी काही नाही.

विचारणा : बापरे, हा प्रश्न आमच्या पेढीत जसाच्या तसा आहे! बरं, चुकीच्या पर्यायांना काय म्हणता, विचलक की विकर्षक?

— पुस्तकांत दोन्ही सापडतात. स्टाफरूममध्ये सगळे डिस्ट्रॅक्टरच म्हणतात, मीसुद्धा. तक्त्यात ‘विचलक’ लिहा आणि शेजारी तो किती जणांनी निवडला ते. शून्य आलं की पर्याय बदला.