सातारा हिल हाफला ५ आठवडे उरलेत, उतारावर गुडघ्याची बाहेरची बाजू दुखतेय

कोथरूडचा_धावक
आमच्या ग्रुपमधले बरेच जण यंदा साताऱ्याच्या घाटातल्या २१ किमी हाफ मॅरेथॉनला आहेत, माझंही नाव नोंदवलंय. लाँग रन १६ किमीपर्यंत गेला होता. आता उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला साधारण ५ किमीनंतर कळ येते. थांबून चाललं की दोन मिनिटांत जाते, पळायला लागलं की परत. चढावर काहीच नाही, उतारावर लगेच. सूज नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला रोज फोम रोलर फिरवतोय. ग्रुपमध्ये कोणी म्हणतं पूर्ण आराम कर, कोणी म्हणतं शूज बदल, कोणी म्हणतं त्या दिवशी गोळी घेऊन पळ. काय करावं?

घाटरस्ता
वर्णनावरून आयटी बँड (खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा) वाटतो, पण आधी जागा बघा. गुडघ्याच्या सांध्याची फट बोटाने शोधा, तिच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर मांडीच्या हाडाचा उंचवटा लागतो. तिथे अंगठा दाबून ठेवा आणि वाकवलेला गुडघा हळूहळू सरळ करा. जवळजवळ सरळ होताना, म्हणजे ३० अंशांच्या आसपास, नेमकी तीच कळ आली तर संशय पक्का. दुखणं अगदी फटीवरच असेल, गुडघा अडकत असेल किंवा वळताना कळ येत असेल तर सांध्यातल्या गादीचा (मेनिस्कस) प्रश्न असू शकतो. दुखणं वाटीभोवती असेल आणि बराच वेळ बसून उठताना वाढत असेल तर ते वेगळं. अशा वेळी इथे विचारत बसू नका, ऑर्थोपेडिककडे जा.

चढावर का दुखत नाही? चढताना पाऊल टेकतं तेव्हा गुडघा आधीच बराच वाकलेला असतो. उतारावर तो जवळजवळ सरळ असतो, वर ब्रेक लावायचं कामही करतो, म्हणून त्या ३० अंशांच्या कोनाजवळ जास्त वेळ राहतो. अगदी संथ जॉगिंगलाही हेच होतं, त्यामुळे हळू पळून हे दुखणं कमी होईलच असं नाही.

आणि साताऱ्यात बोगद्यापुढे यवतेश्वर घाट चढून जायचा, त्याच रस्त्याने परत यायचं. दुसरा अर्धा भाग बहुतेक उतारच. सगळे चढाची तयारी करतात, गुडघे जातात ते उतरताना.

एक विचारतो, नेहमी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेने पळता का? रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे तिथे उजवा पाय सतत खालच्या बाजूला पडतो.

खुबा_आधी
रोलर बाहेरच्या बाजूवर फिरवणं आजच बंद करा. आयटी बँड हा जाड तंतूंचा पट्टा आहे, मांडीच्या हाडाला आतून जोडलेला, रोलरने लांब होत नाही. उलट दुखऱ्या जागी पट्ट्याखालची चरबीची गादी आणखी चेपली जाते. फिरवायचाच असेल तर नितंबावर आणि खुब्याच्या पुढच्या बाजूला.

खरं काम खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचं. तीनच व्यायाम, एक दिवसाआड:

भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा. वरचा पाय सरळ, टाच भिंतीला घासत वर, अंगठा किंचित जमिनीकडे. १५ चे ३ सेट. पाय पुढे सरकला की काम खुब्याच्या पुढच्या स्नायूकडे जातं, आणि तो स्नायू याच पट्ट्याला ओढतो. सगळे इथेच चुकतात, म्हणून भिंत.

पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसऱ्या बाजूचं कंबरेचं हाड खाली सोडा, परत वर घ्या. उभ्या पायाचा गुडघा वाकवायचा नाही. १२ चे ३.

१५ सेंमी उंच पायरीवर एका पायावर उभं राहून ३ सेकंद घेत दुसऱ्या पायाची टाच खाली टेकवा. उभ्या पायाचा गुडघा त्याच पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत पडतो का हे आरशात बघा. १० चे ३.

कोथरूडचा_धावक
अंगठ्याची चाचणी केली, तीच कळ. आणि हो, कायम उजवी कड! पळणं पूर्ण बंद ठेवू की काही चालेल? सायकल आहे घरी.

घाटरस्ता
पूर्ण बंदची गरज नाही, उतार तेवढे बंद. पहिला आठवडा ट्रेडमिलवर ६ ते ८ टक्के चढ लावून ३० मिनिटं भरभर चाला. सायकल चालेल, पण सीट जास्त उंच असली की पेडल खाली जाताना गुडघा तोच ३० अंशांचा कोन करतो. दुखलं तर सीट सेंटिमीटरभर खाली घ्या.

पायरीचा तिसरा व्यायाम सलग १५ वेळा बिनदुखीचा झाला की सपाटीवर ५ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, असं अर्धा तास, एक दिवसाआड. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि ५ ते ७ टक्के वाढवा: १६० असतील तर १७० च्या आसपास. पाऊल लहान पडेल, शरीराच्या खाली पडेल. दोन्ही पावलं एका रेषेवर पडत असतील तर किंचित अंतर ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात सिंहगडाच्या गाडीरस्त्याने ५-६ किमी वर पळा आणि गाडीने खाली या. उताराचा डोस वेगळा: सौम्य उतारावर २०० मीटर चार वेळा, मध्ये चालत वर. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखलं नाही तरच पुढच्या वेळी दुप्पट. चौथ्यात सलग दीड-दोन किमी उतार आणि एक १४-१५ किमीचा रन. शेवटचे १० दिवस उतार नाही. मांड्यांना उताराची सवय एकदा लागली की काही आठवडे टिकते, त्यामुळे भीती नको.

चौथ्या आठवड्यातही २०० मीटर उतारावर कळ येत असेल तर यंदा सोडा.

ओले_मोजे
गोळीबद्दल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊन २१ किमी पळणं नकोच. घाम जाऊन पाणी कमी झालं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. शिवाय दुखणं झाकलं की लंगडत पळतोय हेही कळत नाही.

शूज ७००-८०० किमी झाले असतील तर आत्ताच बदला, शेवटच्या आठवड्यात नाही. कमी झाले असतील तर तेच ठेवा.

रेसमध्ये घाटाच्या वळणांवर आतून कापू नका. आतल्या बाजूला उतार जास्त तीव्र असतो, रस्ताही तिरका असतो. पावसात डांबरावरचे पांढरे पट्टे निसरडे. कळ आली तर एक मिनिट चाला, मग आखूड पावलांनी पळा. पाऊल वाकडं पडायला लागलं तर जवळच्या अँब्युलन्सपाशी थांबा.

खुबा_आधी
आणि रेसनंतर व्यायाम सोडू नका. निदान सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. मुंबईची जानेवारीतली रेस धरली असेल तर लाँग रन तिथूनच वाढवायचेत.